दीडशे

गाउदेन्झिओच्या गॅरेजात आधी किंमत सांगत नाहीत.
आधी तो तुमचा डावा हात मागतो,
क्लचची बोटं दाबून बघतो,
अंजीर पिकलंय का बघावं तशी,
मग विचारतो, "पडल्यावर उचलतं कोण?"

मीच, म्हटलं.
एक्कावन्न पूर्ण. गुडघ्यात दोन स्क्रू.
बावीस वर्षं प्रादालुंगात धारेचे दगड कापतेय.
वजन किती असतं आणि किती वाटतं
हे मला नको शिकवू.
तो हसला. त्याच्या उजव्या हाताला चारच बोटं,
पाचवं एका चेनने नेलं.

शनिवारी तीनशे घेऊन वर गेले.
खेचरांच्या जुन्या वाटेवर, बीचच्या ओल्या मुळांवरून
दुसऱ्या गिअरात, बंद पडेल पडेल म्हणेस्तोवर चढत राहते ती.
जेवून जिना चढणारा आमचा पाद्री जसा:
थांबत नाही, धापा टाकत नाही,
वर पोचल्यावर मात्र सगळ्यांनी बघावं असं वाटतं त्याला.

पण वळणावर तिच्या पोटातलं फिरतं लोखंड
सरळ जाऊ म्हणतं, मी वळू म्हणते,
आणि आमचं भांडण थेट खालच्या कुरणातल्या गाईंपर्यंत.
चेस्टनटच्या पानांवर आडवी झालो आम्ही दोघी.
पेट्रोल ठिबकत होतं. एक्झॉस्टला नवा पोचा.
कागदावर फरक आठ-दहा किलोंचा.
तिसऱ्यांदा उचलताना
कागद कोणाच्या बापाने लिहिला, असं झालं.

मिल्वा, माझी भाची, एकोणीसची,
वरच्या दगडावर बसून सफरचंद खात होती.
"मीच, म्हणालीस ना?"

तिची सव्वाशे.
खालच्या आवाजात ती काहीच बोलत नाही,
अर्धा चढ नुसती कुरकुर,
आणि मग अचानक
शिट्टी, निळा धूर, आख्खं जंगल अंगावर.
ते टिकवायचं तर पाय गिअरवरून हलवायचा नाही,
बोट क्लचवरून काढायचं नाही,
विचार तर करायचाच नाही.
वीस मिनिटांनी उतरले
तेव्हा कॉफीचा कप धरवेना.
हसू मात्र आवरेना, तेही खरं.

अडीचशेबद्दल आमच्या खोऱ्यात गोष्टी नाहीत.
ती चालवणारे वेळेवर घरी पोचतात.

सोमवारी गाउदेन्झिओ म्हणाला,
"दुकानात कोणी दगड मागितला तर तू काय विचारतेस?"
कापायचं काय आहे ते.
"मग?"
मग मी गप्प.
कारण मला कापायची होती
घरामागची ती चार किलोमीटरची चढण,
जिथे भाऊ आणि मी उघड्या डोक्यांनी जायचो,
आणि तो गेल्यापासून
मी पायीसुद्धा गेले नव्हते.
तिथे शर्यत नाही. घड्याळ नाही.
तिथे फक्त पडलं तर उठता यायला हवं,
आणि वर जरा ओरडता.

त्याने मागच्या कोपऱ्यातली ताडपत्री ओढली.
सव्वाशेचाच सांगाडा, तेवढीच कंबर,
सिलिंडर मात्र चिमूटभर मोठा.
दीडशे.
कोणी विचारत नाही हिला, म्हणाला,
पोरांना कमी वाटते, म्हाताऱ्यांना अपमान.

मिल्वा म्हणाली, घेतलीस अखेर, दीडशहाणी मावशी.

साठाला एक. बाटलीत तेल मोजून ओतते,
हिरवं, मधासारखं जड,
हलवते, झाकण उघडून एकदा वास घेते.
भावाच्या जॅकेटला हाच होता.
किक मारते. लागत नाही.
परत मारते.